पाण्याचा रिपोर्ट चांगला, तरी केमो वॉर्डात स्यूडोमोनास: कुठे बघायचं, काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शंभरेक खाटांचं रुग्णालय आहे, त्यात १२ खाटांचा केमोथेरपी वॉर्ड नव्याने सुरू झाला. गच्चीवर आरओ आणि यूव्ही बसवलंय, दर तीन महिन्यांनी पाण्याचा रिपोर्ट 'पिण्यास योग्य' असा येतो. तरीही दोन महिन्यांत, पांढऱ्या पेशींचा काउंट खाली गेलेल्या तीन पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये स्यूडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया आले. पाणी चांगलं आहे तर हे जंतू आले कुठून, आणि आता काय करायचं?

आधी त्या रिपोर्टबद्दल. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जिवाणूंची जी तपासणी आहे ती ई. कोलाय आणि कोलिफॉर्मची. १०० मिलीत ते सापडले नाहीत की पाणी पास. म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. स्यूडोमोनास त्या यादीत नाही आणि लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतूही नाही. गंमत म्हणजे बाटलीबंद पाण्याच्या आयएस १४५४३ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा २५० मिलीत अजिबात नसावा अशी अट आहे. त्यातून तुमचा नमुना बहुतेक आरओच्या तोंडाशी किंवा टाकीजवळच्या नळावर घेतला जातो, तोही पाणी पाच मिनिटं सोडून देऊन. पेशंटच्या खोलीतल्या नळाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दुसरा गैरसमज आरओचा. मेम्ब्रेन टिकावी म्हणून आरओच्या आधी कार्बन फिल्टर असतो आणि तो पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. पुढे ते पाणी टाकीत आणि पाइपात जितका वेळ राहील तितका वेळ विनासंरक्षण असतं. यूव्हीचा असर दिव्याखालून जाताना जो होईल तेवढाच, दिव्यापुढे शून्य. स्यूडोमोनास, स्टेनोट्रोफोमोनास, राल्स्टोनिया या मंडळींना जगायला फारसं अन्न लागत नाही. अगदी स्वच्छ पाण्यातही ती पाइपाच्या आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरून वाढतात. त्यामुळे आरओचं पाणी वॉर्डातल्या बेसिनला आणि बाथरूमला जोडलं असेल, तर माझ्या मते ते तोडून तिथे क्लोरीन असलेलं नगरपालिकेचं पाणी द्यावं. पिण्यासाठी आरओ ठेवा, पण त्याची साठवण टाकी आणि पुढची लाइन उत्पादकाने सांगितलेल्या वेळापत्रकाप्रमाणे निर्जंतुक होते की नाही, याची नोंद मागा. बहुतेक ठिकाणी फक्त कॅन्डल बदलल्याची पावती निघते.

खरी गडबड शेवटच्या दोन मीटरमध्ये असते: भिंतीतून निघालेला जाळीदार कनेक्शन पाइप, नळाचं कार्ट्रिज, नळाच्या तोंडाची जाळी, बेसिन आणि त्याखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा वाकडा पाइप. कनेक्शन पाइपाच्या आत रबराचं अस्तर असतं, त्यावर थर लवकर धरतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ च्या हिवाळ्यात नवजात अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनासने बाळं दगावली, तेव्हा जंतू नळांच्या आतल्या भागांत सापडले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा विभागांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन निघालं. हात न लावता चालणारे सेन्सरचे नळ दिसायला फार आरोग्यदायी वाटतात, पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने २०११ मध्ये मांडलेल्या पाहणीत सेन्सरच्या नळांच्या ५० टक्के नमुन्यांत लेजिओनेला होता आणि साध्या नळांच्या १५ टक्के. सेन्सरच्या नळात आतले भाग जास्त आणि पाणी वाहण्याचा जोर कमी. केमो वॉर्डात साधा, लांब दांडीचा, कोपराने चालणारा नळ लावा, जाळी काढून टाका. जाळी काढल्यावर पाणी उडत असेल तर नळ पूर्ण सोडू नका, खालचा अँगल कॉक थोडा आवळा.

ड्रेन हा तर वेगळाच प्रकार. टोरोंटोमध्ये २००४ ते २००६ दरम्यान अतिदक्षता आणि ट्रान्सप्लांट विभागांत औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची साथ आली. तिथे बेसिनच्या ड्रेनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडून पाहिलं, तर शिंतोडे किमान एक मीटरपर्यंत उडत होते. औषधं तयार करायचा ओटा बेसिनला लागूनच होता. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात ट्रॅपमध्ये सोडलेले जंतू दिवसाला साधारण अडीच सेंटीमीटर या गतीने पाइपातून वर चढले आणि आठवड्याभरात बेसिनच्या तळाच्या जाळीपर्यंत पोचले. गती वाढते ती त्यांना खाऊ मिळाल्यावर. उरलेलं डेक्स्ट्रोजचं सलाइन, चहा, प्रोटीन पावडरचं पाणी हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतलं की ट्रॅपमध्ये जेवणावळ चालू. हे सगळं स्लुइस रूममध्येच, म्हणजे घाण पाणी टाकायच्या खोलीतच ओतायचं.

आता आज, उद्या काय करायचं ते. प्लंबिंगला हात घालण्याआधी नळाचं पाणी पेशंटच्या आत जाण्याच्या वाटा बंद करा. नळ दुरुस्त व्हायला महिने लागतात, वाटा एका पाळीत बंद होतात.

पहिली वाट सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी: पिक, हिकमन, पोर्टची सुई. पेशंट अंघोळ करून येतो, हब (नळीचं सिरिंज लावायचं तोंड) ओला, आणि सिस्टर त्यालाच सिरिंज लावते. तेवढं पुरेसं आहे. अंघोळीआधी लाइनवर पूर्ण झाकणारं वॉटरप्रूफ कव्हर, नुसती पॉलिथिनची पिशवी आणि चिकटपट्टी नव्हे. ती खालून गळते आणि आत पाणी साठतं. अंघोळीनंतर हब कोरडा करून ७० टक्के अल्कोहोलच्या किंवा अल्कोहोल-क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या पुसणीने १५ सेकंद घासायचा आणि सुकू द्यायचा, मगच उघडायचा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असेपर्यंत अंघोळच टाळून २ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या तयार पुसण्यांनी अंग पुसणं मला जास्त सुरक्षित वाटतं. औषधं भरण्याची ट्रॉली बेसिनपासून किमान एक मीटर लांब. जागा नसेल तर ओटा आणि बेसिनच्या मधे उंच पारदर्शक पडदा बसवा.

दुसरी वाट फुप्फुसं. नेब्युलायझरमध्ये आणि ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत फक्त निर्जंतुक पाणी. 'आरओचं चालतं' हे वाक्य वॉर्डात ऐकू आलं की थांबवा. मोठ्या माणसाला नळीने मिनिटाला ४ लिटर किंवा कमी ऑक्सिजन चालू असेल तर बाटलीत पाणी भरायची सहसा गरजच नसते, ती सवय आहे. जिथे गरज आहे तिथे रोज जुनं पाणी ओतून, बाटली धुऊन, सुकवून मग नवं भरायचं. जुन्यात वरून भर घालणं ही सर्वांत मोठी चूक, कारण तळाचा थर तसाच राहतो आणि ताज्या पाण्यावर पुन्हा वाढतो. नेब्युलायझरचा कपही वापरानंतर निर्जंतुक पाण्याने विसळून कोरडा, बेसिनच्या काठावर नाही.

तिसरी वाट तोंड आणि पोट. केमोमुळे तोंड सोललेलं असतं, तिथून जंतू थेट रक्तात. चूळ भरणं, ब्रश भिजवणं, कवळी बुडवून ठेवणं, नाकातून घातलेली फीडिंग ट्यूब फ्लश करणं हे सगळं निर्जंतुक किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने. बर्फ बंद, मग तो यंत्रातला असो की बाहेरचा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात फुप्फुस प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस हा पाण्यातला जंतू वाढला, तेव्हा नळाचं पाणी पेशंटच्या तोंडाशी आणि श्वासमार्गाशी येऊच द्यायचं नाही असं ठरवल्यावर तो आटोक्यात आला. आपल्याकडे यात एक भर घालावी लागते. नातेवाईक तीर्थ, गंगाजल, झमझम घेऊन येतात. त्यांना दटावून उपयोग नाही. बाटली पेशंटच्या उशाशी राहू द्या, पण काउंट चढेपर्यंत ते पाणी तोंडात आणि जखमेवर नको, हे दाखल करतानाच सांगून ठेवा.

तुमच्याकडे दोन वेगळे जंतू आहेत, त्यामुळे बर्कहोल्डेरियाचा आळ लगेच नळावर टाकू नका. बर्कहोल्डेरिया सेपेशियाच्या साथींत बाटल्या आधी तपासाव्यात, कारण तो जंतुनाशकातही जिवंत राहतो. पातळ करून ठेवलेलं क्लोरहेक्सिडीन, माउथवॉश, सोनोग्राफीची जेल, नेब्युलायझरचं औषध, दिवसभर टोचत राहिलेली हेपरिन-सलाइनची बाटली. लाइन टाकताना सोनोग्राफी वापरत असाल तर जेल निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी, मोठ्या कॅनमधून लहान बाटलीत भरलेली नको. फ्लशसाठी प्रत्येक पेशंटला वेगळी, एकदाच वापरायची सिरिंज. ब्लड बँकेत प्लाझ्मा वितळवण्याचा वॉटर बाथही बघा: पिशवी थेट पाण्यात बुडवतात, पिशवीचा पोर्ट (टोचायचं तोंड) ओला होतो आणि तोच टोचला जातो. पिशवीवर दुसरी सीलबंद पिशवी चढवा, किंवा निदान पोर्ट पाण्याच्या वर ठेवा, आणि बाथचं पाणी रोज बदला. आणि प्रयोगशाळेला आजच कळवा की तिन्ही पेशंटच्या रक्तातले जंतू फेकायचे नाहीत, जपून ठेवायचे. पुढे नळातला जंतू आणि रक्तातला एकच आहे का, हे ठरवायला दुसरा मार्ग नाही.

आता नमुने. सकाळी, नळ निदान दोन तास कुणी वापरला नसताना, पहिल्या धारेचं २०० मिली पाणी घ्यायचं. तोंड पुसायचं नाही, अल्कोहोल लावायचं नाही, ज्योत दाखवायची नाही, जाळी असली तर काढायची नाही. पेशंटच्या हातावर जे पाणी पडतं तेच बाटलीत यायला हवं. बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलंच पाहिजे, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. मग दोन मिनिटं पाणी वाहू देऊन दुसरा नमुना. दोन्ही थंड पेटीतून, शक्यतो दोन तासांत प्रयोगशाळेत. ब्रिटिश मार्गदर्शनाप्रमाणे १०० मिलीत स्यूडोमोनास एरुजिनोसा शून्य असेल तर ठीक, १ ते १० असेल तर पुन्हा तपासणी आणि कारण शोधणं, १० च्या वर असेल तर तो नळ लगेच बंद. पहिल्या धारेत भरपूर आणि दुसऱ्यात जवळपास नाही, म्हणजे दोष नळात किंवा कनेक्शन पाइपात. दोन्हींत सारखेच, म्हणजे मागे पाइपात किंवा टाकीत. हा एक फरक कळला तरी लाखभर रुपयांची चुकीची दुरुस्ती वाचते. ड्रेनचे स्वॅब मात्र उगाच घेत बसू नका, तिथे काहीतरी सापडणारच. पेशंटच्या जंतूशी जुळवून पाहायचं असेल तेव्हाच घ्या.

दूषित नळ बदलेपर्यंत ०.२ मायक्रॉनचे, नळाच्या तोंडावर बसणारे फिल्टर लावता येतात. ते काम करतात, पण तीन ठिकाणी फसतात. एक, दाब. पाण्याची टाकी नळापासून ३ मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. वॉर्ड वरच्या मजल्यावर असेल तर फिल्टरमधून करंगळीएवढी धार येते, मग कर्मचारी फिल्टर काढून ठेवतात. घेण्याआधी तुमच्या दाबाला किती लिटर मिळेल ते विक्रेत्याकडून लिहून घ्या, नाहीतर छोटा बूस्टर पंप लागेल. दोन, गाळ. पावसाळ्यात गढूळ पाण्याने महिन्याचा फिल्टर चार दिवसांत तुंबतो, म्हणून आधी ५ आणि १ मायक्रॉनचे साधे फिल्टर हवेत. तीन, खालून होणारं प्रदूषण. फिल्टरचं तोंड बेसिनच्या फार जवळ आलं किंवा सफाईचं फडकं त्याला लागलं, की स्वच्छ पाणी घाणेरड्या तोंडातून बाहेर पडतं. बसवल्याची आणि काढायची तारीख फिल्टरवरच लिहा.

सफाईचा क्रमही बदलावा लागेल. मावशी बहुतेकदा आधी बेसिनचा तळ घासतात आणि मग त्याच फडक्याने नळ चमकवतात. हेच फडकं ड्रेनमधले जंतू नळाच्या तोंडावर नेऊन ठेवतं. आधी नळ, मग बेसिन, शेवटी ड्रेन, आणि नळासाठी वेगळ्या रंगाचं फडकं. वापरात नसलेल्या खोलीसकट केमो वॉर्डातला प्रत्येक नळ दिवसातून एकदा सोडायचा आणि वहीत सही करायची.

क्लोरीन शेवटच्या नळावर मोजा, टाकीत नव्हे. मानकाप्रमाणे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, मी ०.५ धरून चालतो. ऑर्थोटोलिडीनच्या (ओ.टी.) द्रावणाचा पिवळा रंग लगेच वाचायचा असतो. थांबून वाचला तर निकामी, अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलेलं, कमजोर क्लोरीनही त्यात धरलं जातं. डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं किट घेतलं तर हा घोळ राहत नाही. टँकर आला की रिकामा करण्याआधी मोजा. सुज्ञ मेंटेनन्स सुपरवायझर टँकरवाल्याच्या शब्दावर विसंबत नाही.

टाकी निर्जंतुक करायची असेल तर आधी रिकामी करून घासा. गाळावर कितीही क्लोरीन ओतलं तरी गाळच ते खाऊन टाकतो. मग ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, एक तास. १०,००० लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट ५ लिटर, किंवा ३३ टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीड किलो. टीसीएल आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी ओता. जुनं हायपोक्लोराइट आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली टीसीएल लेबलवरच्या निम्म्या ताकदीचीही नसते, म्हणून ओतल्यावर पट्टीने मोजा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, नळांवर 'वापरू नका' लावा, मग सगळं रिकामं करून पुन्हा भरा. हे करण्याआधी डायलिसिसची लाइन व्हॉल्व्ह लावून पूर्ण तोडलेली हवी, तिथल्या तंत्रज्ञाने स्वतः पाहून सही केलेली हवी. जास्तीचं क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर पेशंटच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि एवढं करूनही बंद पडलेले, टोपण लावून सोडलेले पाइपाचे तुकडे तसेच राहिले तर काही आठवड्यांत जंतू परत येतात. जुन्या बाथरूमच्या भिंतीतले असे तुकडे मुख्य पाइपापासूनच कापून काढा.

गरम पाण्यात भीती लेजिओनेलाची. तो साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसला वाढतो. साठवण ६० अंश, आणि नळ सोडल्यावर मिनिटभरात ५० अंश, हा नियम. आपल्याकडच्या सोलर पॅनेलना जून ते सप्टेंबर हे जमत नाही, टाकीत दिवसचे दिवस ४० अंशांचं पाणी उभं राहतं. सोलरच्या पुढे विजेचा हीटर जोडून रोज ६० अंशांपर्यंत नेलंच पाहिजे, नाहीतर केमो वॉर्डाला सोलर नको, खोलीत लहान इन्स्टंट गीझर बरा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. शॉवर आणि जेट स्प्रे दोन्ही काढा, त्यांच्या लवचीक नळीत पाणी साचून राहतं आणि उडताना तुषार होतात. बादली आणि पाणी घ्यायचा मग मात्र रोज घासून उलटे वाळवा. थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवा हा युरोपातला सल्ला मे महिन्यातल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला लागू करता येत नाही. तिथे टाकीवर सावली करा आणि पाणी दिवसाभरात पूर्ण बदलेल एवढाच साठा ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या रुग्णालयांसाठी खास: वॉर्डात किंवा वॉर्डाच्या खिडकीबाहेर पाण्याचा कूलर नको. ओल्या गवताच्या पॅडमधून येणारी हवा बुरशीचे बीजाणू आणि पाण्यातले जंतू थेट खाटेवर आणते. नातेवाईकांनी घरून आणलेला टेबल कूलरही त्यातच आला. फुलदाणी आणि शोभेचं कारंजंही नको.

डॉक्टरांसाठी दोन गोष्टी. एक, प्रयोगशाळेचा 'नॉन-फर्मेंटर (स्यूडोमोनाससारख्या जंतूंचा गट), बहुधा दूषित नमुना' हा शेरा केमो वॉर्डात मान्य करू नका. स्टेनोट्रोफोमोनास, एलिझाबेथकिंगिया, बर्कहोल्डेरिया, राल्स्टोनिया, अ‍ॅक्रोमोबॅक्टर यांपैकी एकच जंतू महिन्यात दोघांना सापडला की पाणी आणि बाटल्या तपासायच्या. स्टेनोट्रोफोमोनास आणि एलिझाबेथकिंगियावर मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालत नाही, बर्कहोल्डेरियावर कोलिस्टिन चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. दोन, लेजिओनेलाची लघवीची तपासणी फक्त न्यूमोफिला सेरोग्रुप १ हा एकच प्रकार पकडते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत इतर प्रकारही होतात, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी थुंकीची पीसीआर आणि कल्चर पाठवा. रुग्णालयात दहा दिवस सलग राहिलेल्या पेशंटला लेजिओनेला निघाला तर एकच केस पुरे, साथ म्हणून तपास सुरू करा.

घरी सोडताना सांगायचं ते कागदावर द्या. पाणी खळखळ उकळायला लागल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, चोवीस तासांत संपवायचं. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, त्यामुळे 'नळाला औषध टाकलेलं असतं' हे पुरेसं नाही. जलनेती करत असतील तर उपचार चालू असेपर्यंत बंदच, नंतरही उकळून गार केलेल्या पाण्यानेच. लाइन असताना विहीर, नदी, तलावात उतरायचं नाही. ३८ अंश ताप आला, किंवा लाइन फ्लश केल्यावर तासाभरात थंडी वाजून आली, तर सकाळची वाट न पाहता यायचं.